आठ सेकंद आणि बाकीचं आयुष्य

आठ सेकंदांत काय होतं? व्हायव्हाला एक्स्टर्नलने पहिला प्रश्न टाकला की आपण "सर, ॲक्चुअली..." म्हणून छताकडे बघतो, तेवढ्यात आठ सेकंद संपतात. मेसमध्ये ताटात आमटी पडायला त्याहून जास्त वेळ लागतो. पण अमेरिकेत एक खेळ असा आहे, ज्यात आठ सेकंद म्हणजे सर्व काही. सातशे-आठशे किलोच्या उधळलेल्या वळूच्या पाठीवर, एका हाताने दोर धरून, आठ सेकंद टिकायचं. टिकलात तर मार्क मिळतात, पडलात तर भोपळा. साडेसात सेकंद टिकलेल्यालाही भोपळाच! ग्रेस मार्कांची भानगड तिथे नाही.

या खेळाचं नाव बुल रायडिंग, आणि ज्या जत्रेत तो खेळतात तिचं नाव रोडिओ. काउबॉय म्हटलं की आपल्याला पिस्तूल, हॅट आणि तोंडात काडी धरलेला हीरो आठवतो. मला त्याच्याबद्दल काहीच सांगायचं नाहीये. ज्याच्या घरी खरोखर गुरं आहेत, जो आठवडाभर वैरण टाकतो, तुटलेलं कुंपण बांधतो आणि शनिवारी गाडी काढून रोडिओला जातो, त्या माणसाबद्दल सांगायचंय. मेकॅनिकलच्या मुलीला गुरांमध्ये एवढा इंटरेस्ट का, असं मैत्रिणी विचारतात. त्याचं उत्तर या गोष्टीच्या शेवटी येणाऱ्या एका जॅकेटमध्ये आहे. पण जॅकेटपर्यंत पोहोचायला आधी दोन माणसं आणि दोन वळू भेटायला हवेत.

रँच म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे गाय म्हटली की दूध. अमेरिकेतल्या रँचवर गाय म्हटली की वासरू. तिथे दूध काढत नाहीत. मांसासाठी गुरं वाढवतात, आणि गायीने वर्षाला एक वासरू द्यायचं हा सगळा हिशोब. साधारण वसंतात वासरं होतात. मग त्यांना लस टोचणे, ओळख पटावी म्हणून तापल्या लोखंडाने डाग देणे, उन्हाळाभर माळावर चारणे आणि हिवाळ्याआधी बाजारात नेणे. थंडीत बर्फ पडला की गवत मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यातच गवत कापून गंजी रचून ठेवायची.

म्हणजे वर्षभर खर्च आणि वर्षातून एकदाच पैसा. पाऊस कमी झाला, वैरण महागली, नाहीतर ऐन विक्रीच्या वेळी भाव पडला, तर बँकेचं कर्ज डोक्यावर. कॉन्व्हेंटच्या टेक्स्टबुकात रँचचं चित्र होतं त्यात निळे डोंगर आणि हसणारा माणूस होता, कर्ज नव्हतं. हे वाचल्यावर मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटायला लागला.

रोडिओ हा शब्द स्पॅनिश. मूळ अर्थ गुरांना घेरून एका जागी आणणे. मेक्सिकोतल्या गुराख्यांकडून अमेरिकन काउबॉय हे काम शिकले, आणि कामातूनच खेळ आला. पळत्या वासराला घोड्यावरून फास टाकून पाडणं हे डाग द्यायच्या वेळचं रोजचं काम, त्याची स्पर्धा झाली. रानटी घोड्याला माणसाळवणं हे काम, त्याचीही स्पर्धा झाली. अपवाद फक्त बुल रायडिंगचा. वळूवर बसायची गरज कुठल्याच रँचवर कधीच पडत नाही! बाकीच्या खेळांना निदान "शेतावर उपयोग होतो" असं म्हणता येतं. हा खेळ शुद्ध हिमतीचा आहे, आणि म्हणूनच बहुधा लोक सगळ्यात जास्त याच्यासाठीच थांबतात.

नियम आणि थोडं अप्लाइड मेकॅनिक्स

वळूच्या छातीभोवती एक विणलेला दोर बांधतात. त्याला गाठ मारून तो पक्का करत नाहीत. स्वार दोराचं टोक मुठीभोवती गुंडाळून आवळून धरतो, बस्स. दोराला खाली जड घंटा असते. स्वाराने मूठ सोडली की घंटेच्या वजनाने दोर आपोआप गळून पडतो. ग्रॅव्हिटीवर चालणारं इतकं साधं क्विक रिलीज मेकॅनिझम मी दुसरं पाहिलं नाही. दुसरा हात मोकळा हवेत. त्या हाताचा वळूला किंवा स्वतःला स्पर्श झाला की बाद.

मार्क शंभरपैकी. पन्नास स्वाराचे आणि पन्नास वळूचे. वळू जितका जास्त उसळेल, गिरक्या घेईल, दिशा बदलेल, तितके त्याचे मार्क वाढतात आणि तेही स्वाराच्या खात्यात जमा होतात. म्हणजे पेपर कठीण निघाला तर मार्क जास्त. आपल्या युनिव्हर्सिटीने विचार करायला हरकत नाही.

वळूची पाठ नुसती वरखाली होत नाही. पुढचे पाय उचलतो, मग मागचे झाडतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतो. समजा तो दीड सेकंदात एक गिरकी घेतोय आणि स्वार फिरण्याच्या अक्षापासून साठ सेंटीमीटरवर आहे. मांडून बघा, स्वाराला आत धरून ठेवायला लागणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाएवढं येतं. म्हणजे स्वतःच्या वजनाइतकी ओढ बाहेरच्या बाजूला, वर हिसके वेगळेच. गिरकीच्या आतल्या बाजूला घसरला की स्वार थेट खुरांखाली जातो. तो मोकळा हात हवेत का फिरत असतो हे आता कळेल. डोंबारी दोरीवर चालताना काठी धरतो ना, तेच काम. शरीर एका बाजूला जायला लागलं की हात दुसऱ्या बाजूला टाकून तोल सावरायचा. फक्त विचार करायला वेळ नाही. विचार केला की पडलात.

वळूच्या कमरेला, मागच्या पायांच्या पुढे, आणखी एक दोर असतो. तो नाजूक जागी बांधतात असा समज पसरलेला आहे, पण तो बांधतात कमरेभोवतीच. त्या दोरामुळे वळू मागचे पाय जास्त उंच झाडतो. तरीही जनावरांना या खेळात त्रास होतो असं म्हणणारे लोक अमेरिकेतही आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं टाकून देण्यासारखं वाटत नाही. विशेषतः पळत्या वासराला फासाने खेचून पाडणं बघवत नाही. ब्रिटनने तर १९३४ सालीच कायदा करून असले प्रकार बंद केले. वळूंच्या बाबतीत मात्र उलटा विचारही आहे. चांगला उसळणारा वळू लाखमोलाचा असतो, त्यामुळे त्याची बडदास्त स्वारापेक्षा चांगली ठेवतात.

या वळूंबद्दल एक गोष्ट वाचून मी उडालेच. रोडिओच्या पुष्कळ वळूंमध्ये अमेरिकन ब्राह्मण नावाच्या जातीचं रक्त असतं. पाठीवर वशिंड, गळ्याला लोंबती पोळी, लांब कान. ही जात अमेरिकेत तयार झाली ती भारतातून गेलेल्या गुरांपासून. गीर, कांकरेज, ओंगोल आणि चौथं नाव कृष्णा व्हॅली, म्हणजे आपली सांगलीकडची कृष्णाकाठची गुरं! माझं आजोळ तिकडचंच. 'वशिंड', 'वेसण', 'कासरा' हे शब्द मी शाळेत नाही, आजोबांकडून शिकले. टेक्सासच्या रिंगणात ज्याने कुणाला तरी आपटलं, त्याचा खापरपणजोबा कदाचित आमच्या नदीवर पाणी प्यायला असेल. असो.

फ्रेकल्स ब्राउन

आता पहिला माणूस. वॉरन ग्रेंजर ब्राउन, जन्म १९२१, वायोमिंग राज्यात. चेहऱ्यावर ठिपके ठिपके होते म्हणून सगळे त्याला फ्रेकल्स म्हणायचे, आणि खरं नाव लोक विसरूनच गेले. १९३७ पासून तो रोडिओत उतरायला लागला. मध्ये दुसरं महायुद्ध आलं, तो सैन्यात गेला, पार चीनपर्यंत जाऊन आला. परत आल्यावर पुन्हा वळू. पुढे ओक्लाहोमा राज्यात सोपर नावाच्या छोट्या गावाजवळ त्याने रँच केली.

रोडिओत पगार नसतो हे इथे सांगायला हवं. उलट स्पर्धेत उतरायला स्वारालाच फी भरावी लागते. प्रवास स्वतःचा, जेवण स्वतःचं, हाड मोडलं तर दवाखाना स्वतःचा. जिंकलात तर बक्षीस, नाहीतर आलात तसे घरी. पूर्वी तर परिस्थिती आणखी वाईट होती. बक्षिसाची रक्कम इतकी कमी असायची की सगळ्यांनी भरलेली फीसुद्धा तिच्यात धरलेली नसे. १९३६ साली बोस्टनमध्ये काउबॉयांनी चक्क संप केला आणि आपली संघटना काढली. नाव काय ठेवलं, तर 'काउबॉइज टर्टल असोसिएशन'. कासव का? तर एकत्र यायला आम्हाला फार उशीर लागला, पण शेवटी मान बाहेर काढली! त्याच संघटनेचं पुढे रूपांतर होत होत आजची व्यावसायिक रोडिओची मोठी संघटना झाली.

त्या वेळी वर्षभरात जो सगळ्यात जास्त बक्षीस कमावेल तो जगज्जेता, असा हिशोब होता. १९६२ मध्ये फ्रेकल्स आघाडीवर होता. वय ४१. या वयात बहुतेक स्वार निवृत्त होऊन कंबर चोळत बसलेले असतात. ऑक्टोबरमध्ये पोर्टलंडला एका वळूने त्याला असं फेकलं की मान मोडली. खरोखर मोडली, मणका. सीझन संपायला अजून वेळ होता आणि हा दवाखान्यात. पण त्याने तोपर्यंत इतकं कमावून ठेवलं होतं की मागचे त्याला गाठूच शकले नाहीत. मान मोडलेल्या अवस्थेत तो जगज्जेता झाला, आणि बुल रायडिंगमधला सगळ्यात वयस्क विजेता म्हणून त्याचं नाव लागलं.

कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता. हा थांबला नाही. मान बरी झाली आणि पुन्हा वळूवर.

त्या काळात टॉर्नेडो नावाचा एक वळू होता. मालक जिम शोल्डर्स, जो स्वतः सोळा वेळा जगज्जेता. या टॉर्नेडोवर २२० जणांनी बसून बघितलं होतं. आठ सेकंद एकही टिकला नव्हता. २२० पैकी शून्य. आमच्या एम-थ्रीच्या रिझल्टलासुद्धा लाजवेल असा हा निकाल.

१ डिसेंबर १९६७. ओक्लाहोमा सिटी, वर्षाची शेवटची मोठी स्पर्धा, पहिली रात्र. कोणाला कुठला वळू हे चिठ्ठी टाकून ठरतं. ४६ वर्षांच्या फ्रेकल्सच्या वाट्याला आला टॉर्नेडो. दार उघडलं, आणि आठ सेकंद झाले तेव्हा म्हातारा पाठीवरच होता! प्रेक्षक वेडे झाले. अमेरिकेत रोडिओची आवड असलेल्या घरांत ही गोष्ट अजून सांगतात, आपल्याकडे त्र्याऐंशीचा वर्ल्ड कप सांगतात तशी. टॉर्नेडो मेल्यावर त्याला ओक्लाहोमा सिटीतल्या काउबॉय संग्रहालयाच्या आवारात पुरलं. फ्रेकल्स मात्र रात्र संपल्यावर परत आपल्या गुरांकडे. १९७४ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्याने हा खेळ सोडला.

लेन फ्रॉस्ट

दुसरा माणूस वयाने माझ्याहून थोडासाच मोठा. लेन फ्रॉस्ट, जन्म १९६३. वडीलसुद्धा रोडिओतले. १९७८ मध्ये हे कुटुंब ओक्लाहोमात राहायला आलं, फ्रेकल्सच्या रँचपासून जवळच. पोराला वळूचं वेड, आणि शेजारी टॉर्नेडोवर टिकलेला माणूस. दुसरा कुठला क्लास लावायची गरजच नव्हती. म्हाताऱ्याने त्याला शिकवलं.

२० मार्च १९८७ रोजी फ्रेकल्स कॅन्सरने गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये २४ वर्षांचा लेन जगज्जेता झाला. गुरूला ते बघायला मिळालं नाही. नऊ महिन्यांचा फरक.

पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, लेनची गाठ रेड रॉक नावाच्या वळूशी घालून दिली. टॉर्नेडोसारखाच हाही. ३०९ प्रयत्न आणि एकही स्वार टिकलेला नाही. सात ठिकाणी सात सामने ठरले. लेनने सातपैकी चार जिंकले. गुरूचं जे झालं तेच शिष्याचं झालं, असं वाटून मला वाचताना फार भारी वाटलं होतं. पुढचं पान उलटेपर्यंत.

३० जुलै १९८९. वायोमिंगमधलं शायेन, १८९७ पासून चालत आलेली रोडिओची जुनी जत्रा. लेनने आठ सेकंद पूर्ण केले. नीट उतरला. म्हणजे परीक्षा संपली होती, पेपर देऊन तो बाहेर पडत होता. वळू वळला आणि त्याने मागून लेनला शिंगाने धडक दिली. लेन उठला, मदतीसाठी हात केला, दोन पावलं चालला आणि कोसळला. मोडलेल्या बरगड्यांनी आतल्या आत हृदयाला आणि फुप्फुसांना इजा केली होती. वय २५.

ओक्लाहोमात ह्यूगो गावच्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत त्याला पुरलं, फ्रेकल्सच्या शेजारी. त्याच्यावर १९९४ मध्ये 'एट सेकंड्स' नावाचा सिनेमा निघाला.

जॅकेट

आता ते जॅकेट. त्या दिवशी शायेनला लेनचा मित्र कोडी लॅम्बर्ट हजर होता. तोही स्वारच. इंजिनिअर वगैरे नाही. लेनच्या मृत्यूनंतर त्याने विचार केला की बरगड्या मोडल्या कारण धक्का एका जागी बसला. घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी एक जाडसर बंडी घालतात हे त्याला माहीत होतं. ती घेऊन त्याने वळूच्या कामासाठी नवी बंडी बनवली. बाहेर चामडं, मध्ये बुलेटप्रूफ जॅकेटला वापरतात तशा जातीचं कापड, आत फोम. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ती घालून रिंगणात उतरला. १९९२ मध्ये त्याने आणि इतर स्वारांनी, प्रत्येकी हजार डॉलर घालून, प्रोफेशनल बुल रायडर्स ही संस्था काढली होती. तिथे पुढे ही बंडी सक्तीची झाली.

या बंडीत दोन फंडे आहेत आणि दोन्ही आपल्याला फर्स्ट इयरला शिकवतात. पहिला, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. शिंगाचं टोक समजा दोन चौरस सेंटीमीटरचं आहे. चिवट थराने तोच धक्का शंभर चौरस सेंटीमीटरवर पसरवला की दाब पन्नास पटीने कमी. बरगडी मोडण्याऐवजी छातीभर निळं पडतं, पण माणूस घरी जातो.

दुसरा फंडा थांबायच्या अंतराचा. ७० किलोचा माणूस दोन मीटरवरून पडला तर त्याच्याकडे साधारण १३७२ ज्यूल ऊर्जा असते. ती तीन सेंटीमीटरमध्ये संपली तर सरासरी बल सुमारे ४५,७०० न्यूटन. फोमने फक्त दीड सेंटीमीटर वाढवून दिले, म्हणजे साडेचार केले, तर बल सुमारे ३०,५०० न्यूटन. एक तृतीयांश कमी! आकडे समजण्यापुरते धरलेत, पण दीड सेंटीमीटर म्हणजे आपल्या करंगळीची जाडी. कधीकधी माणूस आणि त्याचा फोटो यांच्यात एवढंच अंतर असतं.

बंडी असती तर लेन वाचला असता का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. बंडीने सगळे वाचतात असंही नाही. जानेवारी २०१९ मध्ये डेन्व्हरला मेसन लोव नावाचा स्वार बंडी घातलेली असूनही वळूच्या पायाखाली सापडून गेला. त्याचंही वय २५. शिवाय बंडी छाती झाकते, डोकं नाही. हेल्मेटला जुने स्वार तयार नव्हते, हॅट म्हणजे त्यांची शान. शेवटी त्या संस्थेने तोडगा काढला की १५ ऑक्टोबर १९९४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हेल्मेट सक्तीचं. म्हणजे जुन्यांशी भांडत बसायचं नाही, नवी पिढीच हेल्मेट घालून येईल. गाडीची चावी घेताना हेल्मेट खुर्चीवरच ठेवणाऱ्या आपल्या पार्किंगमधल्या वीरांनी याची नोंद घ्यावी.

मला या सगळ्यात राहून राहून एक वाटतं. फ्रेकल्सने लेनला तोल शिकवला, मूठ कशी धरायची ते शिकवलं, पडल्यावर उठायचं कसं ते शिकवलं. म्हणजे माणसाच्या अंगात घालता येईल तेवढं सगळं घातलं. पण शिंग मागून येतं तेव्हा कौशल्य उपयोगाला येत नाही, कारण ते बघतच नाही की समोरचा जगज्जेता आहे. तिथून पुढचं काम वस्तूने करायचं असतं. ते काम एका स्वाराने केलं, कारण मित्र गेला होता आणि कोणीतरी करायलाच हवं होतं. कॅड लॅब नव्हती, प्रोजेक्ट गाइड नव्हता, सबमिशनची डेट नव्हती.

आपल्याला हे सगळं आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट दरवर्षी सीनियरच्या फाइलवरून उतरवायचा की आपल्या आजूबाजूला कोणाचं काय मोडतंय ते बघून एखादी करंगळीएवढ्या जाडीची गोष्ट बनवायची, एवढंच ठरवायचंय. ऊसतोडीचा कोयता, चापकटर, मळणी यंत्र, यादी बरीच मोठी आहे. मी माझ्यापुरतं चापकटर ठरवलंय. त्यात बोटं गेलेली माणसं आमच्या आजोळी दोन आहेत. कोणाला ग्रुपमध्ये यायचं असेल तर वर्कशॉपमध्ये भेटा.